उसातला फवारा आणि शेजारची बाग
— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



पूर्वहंगामी लागणीला कोंब फुटू लागले की त्याच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्या आधीच, सरीत तण दिसू लागते. चांदवेल, माठ, घोळ, गाजरगवत यांची तर चढाओढ लागते. खुरपणीला माणूस मिळत नाही आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही. त्यामुळे तणनाशकाचा पंप आता घरोघरी आलेला आहे. त्यात चूक काही नाही. लहान उसाला पहिले तीन-चार महिने तणापासून सांभाळले तरच फुटवे चांगले येतात, हे आम्हीच गटवार बैठकांतून सांगत असतो.

परंतु अलीकडे गट कार्यालयात लागणीच्या नोंदी आणि तोडीच्या तारखांबरोबर आणखी एक तक्रार येऊ लागली आहे. "शेजाऱ्याने उसात औषध मारले आणि आमची टोमॅटो गेली," "आमचा दोडक्याचा मांडव वाकडा झाला," "आमच्या नव्या द्राक्षबागेची पाने पंख्यासारखी झाली." ऊस सभासदाचा असतो, बाग शेजाऱ्याची असते. नुकसान कोणी मुद्दाम केलेले नसते. तरीही अशा प्रकरणातून दोन घरांचे बोलणे बंद होते, बांध तुटतो, वाट अडते आणि शेवटी दोघांचेही नुकसान मूळ नुकसानीच्या कित्येक पट होते. म्हणून या अंकात हा विषय सविस्तर घेतला आहे.

औषध उसाला मारत नाही, मग टोमॅटोला का मारते?

उसात सर्वांत जास्त वापरले जाणारे रुंद पानांच्या तणाचे औषध म्हणजे २,४-डी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे औषध निघाले आणि पुढे जगभर पसरले. वनस्पतीच्या अंगात वाढीचे जे संप्रेरक असते, त्याच्यासारखेच काम हे औषध करते. रुंद पानाच्या झाडात ते शिरले की वाढ बेताल होते. देठ पिळतात, शेंडा वाकतो, खोड फुगते किंवा चिरते आणि झाड स्वतःच्याच वाढीने मरते. ऊस, ज्वारी, मका ही गवतवर्गीय पिके हे औषध पचवू शकतात. म्हणून उसाला फारसे काही होत नाही.

पण औषधाला तण कोणते आणि शेजारणीची वांगी कोणती, हे कळत नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, कापूस, द्राक्ष, कडधान्ये, दोडका-कारल्यासारखे वेल ही सर्व रुंद पानांची पिके. त्यातही द्राक्ष, कापूस आणि टोमॅटो इतकी नाजूक की पंपाच्या तळाला राहिलेल्या औषधानेसुद्धा त्यांची पाने बिघडतात.

औषध शेजारी जाते ते तीन मार्गांनी. पहिला मार्ग वाऱ्याचा. फवाऱ्यातला १०० मायक्रॉनचा थेंब १० फुटांवरून खाली यायला सुमारे १० सेकंद घेतो. २० मायक्रॉनचा बारीक थेंब तेवढ्याच उंचीवरून यायला ४ मिनिटे घेतो. ४ मिनिटांत साध्या झुळकीनेही तो बांध ओलांडून जातो. एचटीपी पंपाचा दाब वाढवून धुके केले की काम लवकर उरकते असे वाटते, पण त्या धुक्यातील बरेचसे औषध आपल्या तणावर पडतच नाही. दुसरा मार्ग वाफेचा. २,४-डीचा ईथाइल इस्टर हा प्रकार फवारल्यानंतरही उन्हाने वाफ होऊन उडतो. अमाईन आणि सोडियम क्षार त्या मानाने कमी उडतात. तिसरा मार्ग पंपाचा. उसात वापरलेला पंप नीट न धुता शेजाऱ्याला कीटकनाशक मारायला दिला, तर नुकसान आपल्या हातानेच त्याच्या बागेत पोहोचते.

एक घडलेले प्रकरण

मागे एका हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावी असे प्रकरण झाले. गाव आणि माणसे यांची नावे देण्याचे कारण नाही. मिटल्यावर दोघांनीही "छापा, पण नाव नको" असे सांगितले आहे.

सभासदाची पूर्वहंगामी लागण होती. बांधापलीकडे नात्यातल्याच एका काकींची वस्ती. त्या ऊस लावीत नाहीत, त्यामुळे कारखान्याच्या सभासद नाहीत. घरामागे सुमारे दीड गुंठ्यात त्यांनी १५० टोमॅटो, काही वांगी-मिरच्या आणि मांडवावर दोडका लावला होता. घरचे खाऊन उरलेला माल आठवडी बाजारात जाई. त्या पैशावर नातीच्या कॉलेजचा जाण्यायेण्याचा खर्च भागत असे.

नोव्हेंबरच्या अखेरीस सभासदाने मजुरीने माणूस लावून फवारणी केली. स्वतः तो शेतात नव्हता. सकाळी वारा नव्हता, दहानंतर सुटला. काम अर्ध्यावर आले होते म्हणून गड्याने तसेच उरकले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोमॅटोचे शेंडे वाकले, देठ पिळले. काकी बांधावर आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, जरा येऊन बघ, माझ्या झाडांना काय झालंय." सभासद घाईत होता. तो म्हणाला, "काकी, औषध मी माझ्या रानात मारलंय. वाऱ्याला मी काय करू?"

भांडण औषधाने सुरू झाले नाही, या वाक्याने झाले.

सभासदाच्या मागच्या तुकड्यात आडसाली ऊस तोडीला आलेला होता आणि तिथे जाणारी गाडीवाट काकींच्या रानातून होती. तीस वर्षांची वाट, पण कागद कसलाच नाही. शेजारधर्मावर चाललेली. टोळी आली, तोड सुरू झाली, सुमारे १५ टन ऊस तुटला आणि दुपारी ट्रॅक्टर वाटेवर आला तर बाभळीच्या फांद्या आडव्या पडलेल्या. काकींचा मुलगा म्हणाला, "वाट आमची हाय. वाऱ्याला विचारून गाडी न्या." मुकादमाने टोळी दुसऱ्या फडात नेण्याची भाषा सुरू केली. तुटलेला ऊस उन्हात पडला. तुटलेल्या उसाचे वजन आणि साखर पहिल्या दिवसापासून घटत जाते, हे सभासदांना नव्याने सांगायला नको. चिटबॉयने गट कार्यालयात निरोप आणला आणि आम्ही तेथे गेलो.

काकींनी आल्याआल्या सांगितले, "तुम्ही कारखान्याचे. तुम्ही त्याच्याच बाजूनं बोलणार." त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. म्हणून आम्ही नुकसानीचा आकडा आमच्याकडून सांगायचाच नाही असे ठरवले. काकींनी त्यांच्या विश्वासातला एक माणूस बोलवावा, सभासदाने एक बोलवावा आणि चौघांनी मिळून झाडे मोजावीत. आम्ही फक्त औषधाने काय होते आणि रोगाने काय होते एवढे दाखवून देऊ.

औषध की रोग, हे कसे ओळखावे?

ही पायरी गाळली की भांडण मिटत नाही. एकाला वाटते सगळे औषधाने गेले, दुसऱ्याला वाटते सगळा रोगच आहे. टोमॅटोवरचा पर्णगुच्छ हा विषाणूरोग वरवर पाहता औषधाच्या इजेसारखाच दिसतो. फरक असा:

१) औषध वाऱ्याने आले असेल तर बांधालगतच्या ओळींना सर्वांत जास्त इजा आणि लांब जाल तसतशी कमी, असा उतार दिसतो. विषाणूरोग मुख्यतः पांढऱ्या माशीने पसरतो. त्याची झाडे बागेत इथे एक, तिथे एक अशी विखुरलेली असतात.

२) औषधाने एकाच वेळी अनेक जातींची झाडे बिघडतात. टोमॅटोबरोबर दोडका, शेवगा, एवढेच काय बांधावरचे गाजरगवतसुद्धा पिळलेले दिसते. रोग बहुधा एका पिकापुरता असतो.

३) औषधाने शेंडे आणि देठ एक-दोन दिवसांत पिळतात. नवी पाने पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत अरुंद, शिरा जवळजवळ आलेली, पंख्यासारखी येतात. रोग हळूहळू वाढत जातो.

४) सगळ्या बागेत सारखीच इजा असेल, उतार नसेल, तर वाऱ्याआधी पंपाची चौकशी करावी. शेवटची फवारणी कोणत्या पंपाने केली, तो पंप कोणाचा, हे विचारावे.

या प्रकरणात उतार स्पष्ट होता. बांधाकडच्या ओळी पिळलेल्या, घराकडच्या ओळी हिरव्यागार. बांधावरचे गाजरगवतही वाकलेले. सभासदाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "गड्यानं दहानंतर मारायला नको होतं." तेव्हा काकींच्या बाजूने आलेले वयस्क गृहस्थ म्हणाले, "गडी कुणाचा?" त्यावर पुढे वाद झाला नाही. माणूस मजुरीचा असला तरी रान आपले, औषध आपले आणि सांगणेही आपले. गड्याच्या डोक्यावर ढकलून शेजारी समाधान पावत नाही.

दोनदा मोजणी

अशा नुकसानीत पहिल्या दिवशी रक्कम ठरवू नये. पहिल्या दिवशी शेतकऱ्याला सगळी बाग गेलेली दिसते आणि फवारणाऱ्याला चार झाडे गेलेली दिसतात. कमी मात्रा लागलेली झाडे बहुतेक वेळा नव्या फुटीने सावरतात. म्हणून झाडे उपटू नयेत, पाणी नेहमीप्रमाणे द्यावे आणि दोनदा मोजावे. एकदा लगेच, एकदा पंधरा दिवसांनी.

साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या. फवारणीची तारीख, औषधाचे नाव, आज इजा दिसणारी झाडे ११०, दुसरी मोजणी पंधरा दिवसांनी, त्या दिवशी ठरेल ती भरपाई सभासद आठ दिवसांत देईल. खाली दोघांच्या आणि दोन पंचांच्या सह्या. कागद झाल्यावर काकींनीच मुलाला सांगितले, "फांद्या काढ." पैसा मिळण्याच्या आधी, केवळ त्या कागदावर, त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर बाहेर पडला.

पंधरा दिवसांनी ६० झाडे गेल्यात जमा होती. ५० झाडांना नवी चांगली फूट आली होती, पण पहिला बहर गेला होता. ती अर्धी धरली. ४० झाडांना काही झाले नव्हते. म्हणजे हिशेबात ८५ झाडे. झाडाला अडीच किलो माल दोघांनी मान्य केला. म्हणजे साडेबाराशे ग्रॅम-किलोचा घोळ न घालता सरळ २१२.५ किलो. त्या महिन्यातील आठवडी बाजाराचा सरासरी भाव १६ रुपये धरून ३,४०० रुपये. दोडक्याच्या चार वेलांचे ६०० रुपये ठोक. एकूण ४,००० रुपये. शिवाय तोड चालेपर्यंत काकींच्या दोन म्हशींना वाढे देण्याचे सभासदाने आपणहून कबूल केले.

४,००० रुपयांसाठी १५ टन ऊस उन्हात पडला होता. पैसे घेताना काकी जे बोलल्या ते मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. त्या म्हणाल्या, "झाडं गेली त्याचं एवढं नाही रे. मी बोलवायला आले आणि तू बघायलासुद्धा आला नाहीस."

पोलीस ठाणे, विमा, कोर्ट

अशा वेळी कोणीतरी "केस करा" असा सल्ला देतोच. त्याबद्दल थोडे.

दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान हा गुन्हा ठरण्यासाठी ते मुद्दाम केलेले, किंवा असे नुकसान होणार हे माहीत असून केलेले असावे लागते. पूर्वी भारतीय दंड संहितेत असे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्येही तसेच आहे. नकळत झालेले नुकसान हा सामान्यतः दिवाणी मामला असतो. म्हणून पोलीस ठाण्यात गेलेला अर्ज बहुधा "आपसात मिटवा किंवा दिवाणी कोर्टात जा" या उत्तरावर थांबतो.

पीक विम्यावरही विसंबू नये. २०१६ साली सुरू झालेली प्रधानमंत्री पीक विमा योजना नैसर्गिक, टाळता न येणाऱ्या आपत्तींसाठी आहे. टाळता येण्याजोगे नुकसान तिच्यात बसत नाही.

गावात मिटले नाही, तर तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत जाता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ खालील ही सोय असून तेथे कोर्ट फी लागत नाही, दावा दाखल करण्यापूर्वीही प्रकरण नेता येते आणि दोघांच्या संमतीने झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. २००७ साली राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ज्या गावात तिची समिती आजही बसते, तेथे तिच्यापुढेही हे प्रकरण ठेवता येईल. द्राक्षबागेसारखे मोठे नुकसान असेल तर घरगुती अंदाजावर न जाता कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांना दाखवून लेखी अभिप्राय घ्यावा. वेलीवर परिणाम पुढच्या हंगामापर्यंतही राहू शकतो.

सभासदांनी फवारणीपूर्वी पाळावयाच्या गोष्टी

१) आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगावे. तो भाजी तोडून घेईल, जनावरे दुसरीकडे बांधील. सांगायला पैसे पडत नाहीत.

२) मूठभर बारीक माती सोडून वारा कोणीकडे जातो ते पाहावे. बागेच्या दिशेने वारा असेल तर त्या दिवशी पंप उचलू नये. पहाटे अगदी शांत असते आणि चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरतो, त्या वेळीही फवारू नये. तशा हवेत बारीक थेंब धुरासारखेच आडवे लांब जातात.

३) तणनाशकाला सपाट पंख्याचा किंवा फ्लड जेट नोझल वापरावा, कीटकनाशकाचा गोल फवाऱ्याचा नव्हे. दाब कमी ठेवावा, नोझल जमिनीलगत धरावा, शक्य तर प्लॅस्टिकचे हूड लावावे.

४) शेजारी भाजी, कापूस किंवा द्राक्ष असेल तर ईथाइल इस्टर वापरूच नये आणि बांधालगतच्या चार-पाच सऱ्या खुरपून घ्याव्यात. तेवढी खुरपणी भांडणापेक्षा स्वस्त पडते.

५) तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि कोणाला उसना देऊ नये. एकच पंप असेल तर तीन वेळा धुऊन धुण्याच्या सोड्याचे पाणी रात्रभर भरून ठेवावे व सकाळी पुन्हा धुवावे. नळी आणि नोझलमधूनही ते पाणी काढावे. तेवढे करूनही नाजूक पिकावर तो पंप न वापरलेला बरा.

६) उरलेले औषध किंवा पंप धुतलेले पाणी पाटात, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नये.

७) मजूर लावला तरी आपण बांधावर उभे राहावे. वारा सुटला की काम थांबवण्याचा अधिकार गड्याला आधीच देऊन ठेवावा आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये. मजुरी कापली जाईल या भीतीनेच गडी वाऱ्यात फवारतो.

इतके करूनही नुकसान झालेच तर

शेजारी येण्याची वाट न पाहता आपण जावे. निरोप पाठवू नये, मुलाला पाठवू नये, स्वतः जावे. "माझ्या फवाऱ्यानं झालं असेल तर भरून देतो, चला दोघं मिळून बघू," एवढे बोलावे. यात आधीच गुन्हा कबूल केल्यासारखे काही होत नाही. बघितल्यावर रोग निघाला तर तोही दोघांना एकदमच दिसतो. औषधाच्या डब्यावरील नाव शेजाऱ्याला दाखवावे, लपवू नये. ज्या भाजीवर फवारा थेट पडला, ती घरात खाऊ नये, बाजारात नेऊ नये आणि जनावरांना घालू नये, हे त्याला त्याच दिवशी सांगणे आपले कर्तव्य आहे.

ज्यांची बाग बिघडली त्यांनाही विनंती. झाडे उपटून टाकू नका, पुरावा आणि सावरण्याची संधी दोन्ही जातात. मोबाईलवर बांधासह फोटो काढून ठेवा. आणि वाट, पाणी किंवा पाळी अडवू नका. वाट अडवली की तुमचा न्याय्य दावा बाजूला राहतो आणि तुम्हीच अडवणूक करणारे ठरता.

ज्या गटात असा प्रश्न उद्भवेल तेथे आमच्या खात्याचा माणूस मोजणीला हजर राहील, मग बाग सभासदाची असो वा नसो. मात्र कारखाना न्यायाधीश नाही. झाडे दोघांनी मोजायची, रक्कम दोघांनी ठरवायची.

आपल्या भागात कितीतरी गाडीवाटा, पाट आणि सामायिक विहिरी कागदावर नाहीत. त्या एकमेकांच्या शब्दावर चालतात आणि त्या शब्दावरच आपला ऊस वेळेवर गव्हाणीत पडतो. तरी सभासदांनी या हंगामात फवारणी सुरू करण्यापूर्वी एकदा बांधावर जाऊन शेजाऱ्याने पलीकडे काय लावले आहे ते पाहून यावे, ही विनंती.